न खरवडलेला खडक

लियाकतमामूंनी किटलीचं झाकण उघडलं आणि कर्जतच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत समुद्राचा वास पसरला. खाऱ्या पाण्यात बोटभर लांबीचे तपकिरी झुबके तरंगत होते.

"बघ फराह, परत आलं," ते भाचीला म्हणाले. खोपोलीला एसटी बदलून ते मुद्दाम हे दाखवायला आले होते.

फराह वनस्पतिशास्त्र शिकवायची. मामूंच्या गावच्या खडकांवर जेटी होणार होती. गाव ज्यांच्या मासेमारीवर जगायचं त्या माकल्या, म्हणजे स्क्विड, खडकांवरच्या या शेवाळात अंडी घालायच्या, म्हणून गाव अडून बसलं होतं. पण गेल्या थंडीत शेवाळ उगवलंच नाही. ते कायमचं संपलं का, यावर भांडणं झाली. आमची फराह बघून सांगेल, असं मामूच म्हणाले होते.

ती मे महिन्यात गेली. ऊन रणरणत होतं, परतीची गाडी गाठायची होती. तिने उघडे खडक काठावरूनच पाहिले आणि शेवाळ संपलंय म्हणून सांगितलं. तिच्या शब्दावर गावाने जेटीला सह्या दिल्या.

हेच शेवाळ ती दरवर्षी वर्गात शिकवायची. ते किनाऱ्यावर मोजक्याच जागी सापडतं. थंडीत त्याचे झुबके वाढतात, बीजाणू सोडतात आणि गळून जातात. बीजाणू दगडाला चिकटतात आणि त्यांचा पातळ डाग होऊन उन्हाळा काढतात. पाणी गार झालं की त्या डागांतूनच नवे झुबके फुटतात. एखादी थंडी चुकली तरी डाग तग धरतात. फक्त दगड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

मामू आशेने बोलत होते. अर्धे खडक सुरुंगाने फुटले होते, पण शेवाळ परत आलंय असं तिने लिहून दिलं तर उरलेले कदाचित वाचतील.

तिला त्यांच्याकडे बघवेना. खाली बघतच तिने सगळं सांगितलं. शेवाळ तिथेच होतं, तिनेच शोधलं नव्हतं.

 मामूंनी किटलीचं झाकण लावलं.

"तरी परत आलं असंच लिही," ते हळू आवाजात म्हणाले. "गावात तुझं नाव हाय गं. ते जायला नको."

फराहने कागद ओढला. 'हे शेवाळ कधी गेलंच नव्हतं. मी नीट पाहिलं नाही,' असं लिहून खाली पूर्ण नाव घातलं. मामू वाचत होते तोवर तिला मान वर करता आली नाही.