वरच्या मजल्यावरची खुर्ची

वरची खुर्ची फरशीवरून करकरत सरकली आणि रेमेईच्या कपाळावर आठी चढली. हात सवयीने कोपऱ्यात गेला. रोज याच वेळी ती झाडूच्या लांब दांड्याने छतावर धाडधाड ठोकायची, मग वरचा आवाज थांबायचा. पण आज झाडू गाठोड्यात बांधलेला होता.

"मरो," ती पुटपुटली. "आजचाच दिवस."

बार्सेलोनाला खेटलेल्या या वस्तीत तिचा जन्म गेला होता आणि आता ती पार विटली होती. तळमजल्यावर कुणी शिंकलं की पाचव्यावरून 'येशू!' असा आशीर्वाद ऐकू यायचा. एकाच्या लसणाचा वास दुसऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरायचा. एवढी माणसं, पण हिवाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे बोनाव्हेंतुरा आजोबा एकटेच वारले, तर दुर्गंधी सुटेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्याच सुमारास वरच्या याहाइराच्या या खुर्चीची भर पडली. शेवटी रेमेई लेकीच्या गावी राहायला जायला तयार झाली. लेक केराल्त न्यायला आली होती.

खुर्ची पुन्हा करकरली. मग आणखी एकदा, जोरात. मग धपकन आपटली. जिन्यात कुणी धावत उतरलं आणि दार बडवू लागलं.

"काकू! उघडा! अहो काकू!"

रेमेईने दार उघडलं. समोर याहाइरा, एका पायात चप्पल, हातात हातोडा.

"आता दारही फोडतेस की काय, भवाने?"

याहाइरा मटकन पायरीवर बसली.

"आज ठोकलं का नाही तुम्ही? जीव गेला ना माझा!"

"म्हणजे?"

"चौकशीला आलं की दारातूनच हाकलता. मग करू काय? आजोबा गेले तेव्हापासून रोज मुद्दाम खुर्ची ओढते. खालून तुमचा झाडू वाजला, की निर्धास्त कामावर जाते."

दिलेल्या सगळ्या शिव्या रेमेईला आठवल्या आणि फार लाज वाटली.

"चल आई," केराल्तने पिशवी उचलली. "तिकडे असली कटकट नाही."

"तू कामावर गेलीस की तिकडे आसपास कोण असतं गं?" रेमेईने लेकीला विचारलं.

"कुण्णी नाही. शेजारची घरं बंदच आहेत. म्हणून तर शांत!"

रेमेई फार दमली होती. तरी तिने खाली बसून गाठोड्याची गाठ सोडली आणि झाडू बाहेर काढला.