टॅबमधली मानसी

सुगंधाने टॅबवर शोधायच्या चौकटीत एफ दाबला आणि खाली काहीच उघडलं नाही. कालपर्यंत एफ दाबला की मानसीने नेटवर पाहिलेले फ्लॅट एकाखाली एक उभे राहायचे. आज त्या जागी एकच ओळ होती: रुग्णांच्या माहितीच्या सुरक्षिततेसाठी ही सुविधा बंद करण्यात आली आहे.

मुलुंडच्या त्या रक्ततपासणी केंद्राच्या काउंटरवर एकच टॅब होता. सकाळी सुगंधा, दुपारी मानसी. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ त्यावर आपलं नाव भरायला लागले, तर आधीच्या बाईंचं नाव, फोन आणि आजार आपोआप पुढे आला. बाई निघाल्या त्यांच्याच शेजारीण. बोंबाबोंब झाली. अंधेरीच्या हेड ऑफिसने मग सगळंच बंद केलं. आता टॅबवर फक्त कंपनीचं पान उघडणार होतं.

कंपनीचं बरोबरच होतं. पण सुगंधाने पुन्हा एकदा एफ दाबून बघितला. सहा महिने ती मानसीचा होणारा संसार त्या टॅबमधून बघत होती. घोडबंदर रोडला टू बीएचके. मग मोठ्या बाल्कनीवाला. मग पोहण्याचा तलाव असलेली सोसायटी. मानसी मात्र तोंडाने एक अक्षर बोलायची नाही. पाळी बदलताना गोड हसून "जेवलीस का गं?" एवढंच विचारायची. आतल्या गाठीची मेली. पेशंट नसले की सुगंधा तेच फ्लॅट उघडायची आणि मानसी कुठल्या खिडकीत उभी राहील ते बघत जळायची. मग जिद्दीने त्याहून मोठा शोधायची. दुसऱ्या दिवशी बघावं, तर मानसीने त्याच्याहून मोठा शोधलेला असायचा.

घरी तिने सिद्धेशला जगणं नकोसं केलं होतं. "मानसीचा नवरा पण नोकरदारच आहे ना? त्याला बरं जमतं." सिद्धेशकडे विकण्यासारखं एकच होतं, मालवणची हापूसची कलमं. आजोबांनी लावलेली. दर वर्षी मे महिन्यात तो गावी जाऊन नुसता त्या झाडांखाली बसून यायचा. काल जेवताना तो म्हणाला, "ठीक आहे. रविवारी जातो आणि दादाला सांगतो, विकूया." आणि ताटातलं तसंच टाकून उठला. सुगंधाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण झोप मात्र छान लागली.

दुपारी मानसी आली. टॅबवरची ओळ वाचून तिने पर्स खाली ठेवली.

"बरं झालं यार, बंद केलं. तुझे फ्लॅट बघून बघून माझी वाट लागली होती."

"माझे?"

"मग कोणाचे? जानेवारीत तूच सुरू केलंस ना? मी आले तर टॅबवर घोडबंदरचा टू बीएचके. म्हटलं, सुगंधा चालली ठाण्याला, आणि मी काय जन्मभर भाड्याच्या खोलीत? मग मी बघायला लागले. मी मोठा बघितला की तू त्याहून मोठा."

सुगंधाला तो दिवस आठवला. काउंटरवर चिटपाखरू नव्हतं. सकाळी बसच्या मागे जाहिरात दिसली होती, म्हणून तिने गंमत म्हणून तो फ्लॅट उघडला होता. घेण्याबिण्याचा विचारही नव्हता.

मानसी खुर्चीत बसली. ओढणीने तोंड पुसलं.

"निलेशच्या मागे लागून सासूबाईंची घाटकोपरची खोली विकायला लावली. आता त्या नणंदेकडे असतात, माझा फोन घेत नाहीत. काल बुकिंग केलं. तुझं कधी?"

सुगंधाने फोन उचलला. सिद्धेशला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं, की गावाला जाऊ नकोस, कलमं राहू देत. कोणी कोणाच्या पुढे गेलेलं नव्हतं, सगळा दोघींच्या मनाचाच खेळ होता. तिने नंबर लावला. रिंग वाजायला लागली. तेवढ्यात तिने सहज विचारलं,

"कितवा मजला?"

"सतरावा," मानसी म्हणाली. एवढ्या रडवेल्या चेहऱ्यावरही तिला हसू आवरलं नाही.

पलीकडून सिद्धेश "बोल" म्हणाला.

"रविवारपर्यंत थांबू नकोस," सुगंधा म्हणाली. "उद्याच गावाला जा. आपल्याला अठरावा हवा."