उभी रेघ

"यादी परत तक्त्याच्या बाहेर पडलीय," दादा फोनवरून म्हणाला. "कुणी हात लावला?"

हात लावणार कोण? ताईला ते पान उघडून द्यायलासुद्धा धाकटी लागायची. घराचं विकी, म्हणजे सगळ्यांना उघडून बदलता येणारं इंटरनेटवरचं पान, ही दादाची कल्पना. अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं सगळं एका तक्त्यात: वर नाव, त्याखाली त्याची कामं. ज्याच्या चौकोनात जे, ते त्याचं, वादच नको. नियमही त्याचाच. धाकटीच्या चौकोनात दोन ओळी होत्या, त्यातली एक 'फोन करणे'. ताईच्या चौकोनात दोनच शब्द: बाकी सगळं.

गुरुवारी ताईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यापुढचा आठवडा दादाचा, असं ठरलं होतं. ती ओळ त्यानं स्वतःच भरली होती. नाव चौकोनात ऐसपैस बसलं होतं. कामं मात्र तक्त्याच्या डोक्यावर जाऊन बसली होती, बेवारशी: कूस बदलणं, औषधं, अंग पुसणं, भांडं देणं.

धाकटीनं लॅपटॉपवर पानामागचं, तक्ता आखणाऱ्या खुणांचं लिखाण उघडलं आणि वरून खाली बोट फिरवत आली.

"सापडलं. दादा, तुझ्याच ओळीत यादीच्या आधी उभी रेघ नाहीये. रेघ नाही म्हणजे चौकोन नाही. मग यादी बाहेर."

"एवढंच ना? टाक मग. एवढ्यासाठी मीटिंग सोडून आलोय मी."

तिनं रेघ टाकली. यादी मुकाट्यानं खाली उतरली आणि दादाच्या नावाखाली जाऊन बसली. ताईनं चष्मा वर सरकवला, डोळे चोळले.

दादाला तिकडे तेच पान दिसत होतं. जरा वेळानं तो म्हणाला, "अगं, माझा चौकोन केवढा फुगलाय! सगळा तक्ता बेढब झाला. त्यापेक्षा बाहेरच बरी होती. सगळ्यांच्या डोळ्यासमोर राहते."

"बाहेरचं म्हणजे 'बाकी सगळं', दादा. ते ताईकडे जातं."

 

"मग असं करू या का," दादा म्हणाला, "निम्मी यादी तुझ्या चौकोनात टाकू या?"

धाकटीनं कळफलकावरचं बोट काढून घेतलं.

"गुरुवारचं रद्द करायचं असेल," ताई म्हणाली, "तर दवाखान्यात आजच कळवावं लागेल."

आत बाबांची काठी पलंगावर वाजली. ताई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"तुमचं चालू द्या. मी तेवढ्यात त्यांची कूस बदलून येते."

ती आत गेल्यावर धाकटीनं हलकेच एक कळ दाबली. यादी पुन्हा वर जाऊन बसली. पुसलेल्या रेघेच्या जागी कर्सर उघडझाप करत राहिला: आता रेघ आहे, आता नाही.