आगाऊ सूचना

उमरग्याजवळच्या एका दूध संघाचे क्लाउडवरचे सर्व्हर अक्षदा सांभाळायची. त्यांच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट महिनाअखेरीस बंद होणार होता, म्हणजे सुरक्षेचे अपडेट थांबणार आणि पुढं हॅकरांना रान मोकळं.

"रविवारी दोन तास द्या, नवी सिस्टिम टाकते, नाहीतर पुढच्या महिन्यात हॅकर घुसतील," तिनं चारदा विनवलं.

"चालत्या गाड्याला खीळ घालू नको!" चेअरमन अमरसिंह दर वेळी खेकसले.

शेवटी तिनं न विचारताच सिस्टिम बदलली. मुदत संपली आणि आठवड्यात शेजारच्या संघाचे सर्व्हर हॅकरांनी बंद पाडले. तिथं जुनीच सिस्टिम होती.

चेअरमननी बोलावलं. आता तरी बरं बोलतील, या आशेनं अक्षदा आत गेली. समोर फौजदार बसले होते.

अमरसिंहांनी तिच्याकडं बोट केलं. "हीच ती. हे व्हणार म्हणून हिला महिनाभर आधीच ठाऊक व्हतं."