तीनशेचा शिक्का

नव्व्याण्णव सालच्या बीडमध्ये घरात कॉम्प्युटर असणं म्हणजे अप्रूप, अन् केदारनाथनं तर तो स्वतःच्या हातानं जोडलेला. त्यामुळं गेमसाठी तसलाच जोडायला निघालेला आदिनाथ तलवाड्याहून सल्ला घ्यायला आला, तेव्हा केदारनाथनं मशीन उघडंच करून दाखवलं.

"हे बघ बे, ह्या प्रोसेसरवर तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा शिक्का हाय, पण पळतो साडेचारशेनं. आतला माल तोच. कंपनीनं नुसता शिक्का कमी मारलाय."

चहा घेऊन आलेली त्याची बायको वर्षाराणी थबकली. "मंग त्यो कमी कावून पळायचा?"

"दहावीवालीला न्हाई कळायचं ते," केदारनाथ हसला अन् पुन्हा मित्राकडं वळला. "पण आधी पॉवर सप्लाय दमदार घे. हलका घेतलास तर लोड आला की मशीन बंद पडतंय. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावर चांगला पंखा बसव. अन् वेग एकदम न्हाई, थोडा थोडा वाढवायचा."

आदिनाथ गेला. कपबशा उचलता उचलता वर्षाराणी त्या उघड्या मशीनकडं बघत राहिली.

"अहो, उद्या येताना सतरा नंबरचा फॉर्म आना. बाहेरून बारावीला बसायचा."

"कुनासाठी?" केदारनाथचं लक्ष स्क्रू पिळण्यात होतं.

"दहावीचा शिक्का मारलाय, तिच्यासाठी. डोकं थंड मी ठिवते, सप्लाय तेवढा तुमी दमदार द्या."