अंधशाळेतला कॉम्प्युटर

"बाई, काय देखणं दिसतंय बघा. स्क्रीनवरच्या खिडक्या अगदी काचेसारख्या!" मिरजेच्या अंधशाळेतल्या सोळा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकायला विश्वस्तांनी पाठवलेला निनाद पेठे तासभर स्वतःच्याच निवडीचं कौतुक करत होता.

शाळेतल्या शिक्षिका सुनीतीबाई जन्मांध होत्या. त्यांना फक्त धापा टाकणारा पंखा ऐकू येत होता. पंधरा दिवसांवर दहावीची परीक्षा होती, मुली याच यंत्राकडून धडे ऐकून अभ्यास करत होत्या, आणि या दीडशहाण्याला देखणेपणाचं पडलं होतं.

"धडे वाचून दाखवेल का हा कॉम्प्युटर?" बाईंनी विचारलं.

"हे सगळं चालवून वर वाचायचं, एवढा दम या डबड्यात नाही. भंगारात द्या."

बाईंनी त्याला खुर्चीवरून उठवलं. चित्रं, सजावट काही नसलेलं एक हलकं लिनक्स त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. त्याचा पेनड्राइव्ह त्यांनी चाचपून खोचला. दहा मिनिटांत स्पीकर खरखरला आणि विज्ञानाचा पहिला धडा वाचू लागला. दाराशी उभ्या मुली पटकन आत येऊन बसल्या.

"पण बाई, स्क्रीनवर काहीच नाही. नुसती काळी दिसतेय," निनाद कुरकुरला.

बाईंनी मॉनिटरची वायर उपटून त्याच्या हातात दिली.

"मग हा मॉनिटर घेऊन जा. तुमच्याकडे शोभेल."