देवळाबाहेरचे बूट

लढाई संपली आणि शेजारचा लालासाहेब इटलीहून घरी आला. त्याच्याच पलटणीतला माझा लेक नाथाजी आला नाही, तो गेल्याची तार आली.

लाल्या चावडीपुढं बसून रोज एकच फेरी सांगायचा. फ्लोरेन्स म्हणून शहर, तिथं सोनारांच्या दुकानांचा पूल, पुढं उंच मनोऱ्याचा चौक, मग लाल घुमटाचं थोरलं देऊळ. पायरीवर ह्यानं बूट काढले, आत जाऊन आला तर बूट गायब! लोक पोट धरून हसायचे आणि माझ्या अंगाची लाही व्हायची.

बाजारच्या दिवशी मी त्याला चारचौघांत धरलाच. "मुडद्या, माझा वाघ तिकडं मेला, आन् तू देवळं बघत हिंडलास व्हय रं? गावातल्या भैरोबाच्या देवळात पायतान घालून शिरायचास, माझ्या हातचा मार खायाचास. तिकडंच बरी अक्कल आली!"

लाल्यानं मान खाली घातली.

"काकी, बघत न्हाई हिंडलो. नाथाजीला गोळी लागली हुती, त्याला पाठीवर घेतला हुता. दवाखाना त्या देवळातच मांडला हुता. पायरीवर आलो, तवा त्योच कानात म्हनला…"

&nbsp;

"'लाल्या, आदी बूट काढ. आई बघंल तर दोघास्नीबी बडवंल.'"